वाचकांचे प्रश्न : बारा दिवसांत दुसऱ्याचे मन कितपत कळते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. परदेशी जाऊन, तेही थोड्या दिवसांसाठी, वेगळ्या संस्कृतीतील माणसांच्या समुपदेशनाचे शिक्षण घेता येते का, हा तो विषय. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

डोंबिवलीहून एका विद्यार्थिनीचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मुंबईत समुपदेशन मानसशास्त्र घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या अभ्यासासाठी आमच्या विभागाचा मॉरिशसला बारा दिवसांचा दौरा जाणार आहे. तेथे व्याख्याने, दोन सामाजिक संस्थांना भेटी आणि ऐतिहासिक स्थळांचे दर्शन असा कार्यक्रम असून परतल्यावर अहवाल लिहायचा आहे. माझ्या काही मैत्रिणी याला सरळ सहल म्हणतात. मला मनापासून जायचे आहे. पण बारा दिवसांत खरोखर काय हाती लागते आणि त्यासाठी आधी काय तयारी करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर

तुम्ही हा प्रश्न विमानात बसण्याआधी विचारलात, हे फार बरे केलेत. बारा दिवसांत तुम्हाला मॉरिशसचा माणूस कळणार नाही, हे आधीच मान्य करून निघा. कळू शकते ते हे, की समोरच्याचे ऐकताना आपण किती गोष्टी न विचारता गृहीत धरतो. आणि ज्या व्यवसायात ऐकणे हेच मुख्य काम आहे, त्या व्यवसायात येणाऱ्या मुलीने एवढे जरी सोबत आणले तरी दौरा सार्थकी लागला असे मी म्हणेन.

हा विषय आज अभ्यासक्रमात ज्या रूपाने शिकवला जातो, त्या रूपाला आकार देणारी एक महत्त्वाची मांडणी 1992 साली अमेरिकेत डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया आरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी केली. समुपदेशकाच्या अंगी तीन गोष्टी असाव्यात असे त्यांनी म्हटले : स्वतःच्या धारणांची जाणीव, समोरच्याच्या जगाचे ज्ञान आणि त्याला साजेशी कौशल्ये. यांत जाणीव पहिली येते, याकडे माझे विद्यार्थी नेहमी दुर्लक्ष करतात, कारण ज्ञान वहीत उतरवून घेता येते आणि जाणीव घेता येत नाही. पुढे 1998 साली मेलनी टेर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर महिलांनी ‘सांस्कृतिक विनम्रता’ ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती शिकून एक दिवस पूर्ण होते हा समजच त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःला आयुष्यभर तपासत राहणे हे डॉक्टरच्या कामाचाच भाग आहे असे सांगितले. तुमच्या दौऱ्याला मी हीच कसोटी लावेन.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण मॉरिशसच्या बाबतीत ती तुम्हाला नेमकी उपयोगी पडेल. उमेदवारीच्या काळात मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसत असे. रत्नागिरीकडच्या एक बाई झोप येत नाही म्हणून आल्या. त्यांचे गाव माझ्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर, बोलण्याची ढबही माझ्या मावशीसारखी, त्यामुळे मी पहिल्या पाच मिनिटांतच निर्धास्त झाले. बाई म्हणाल्या, “ताई, बाहेरचं काहीतरी आहे.” दादरच्या चाळीत वाढलेल्या मला ‘बाहेरचं’ म्हणजे नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण एवढेच सुचले, आणि पुढचा पाऊण तास मी त्यांच्या संसाराविषयी, नवऱ्याच्या येण्याजाण्याविषयी हळुवारपणे विचारत राहिले. मध्येच त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राच्या कागदाची छोटी पुडी काढून टेबलावर ठेवली होती. तिच्यात अंगारा होता. मी पुडीकडे पाहिले, पण विचारले नाही. जाताना त्यांनी ती पुन्हा पर्समध्ये ठेवली, चेन ओढली, आणि त्या परत कधी आल्या नाहीत. त्यांचे ‘बाहेरचं’ म्हणजे बाहेरची बाधा होती, हे माझ्या सुपरव्हायझर बाईंनी नोंदी वाचताना एका वाक्यात सांगितले. भाषा एक, मुलूख एक, आणि तरीही मी त्या बाईंचे एक अक्षर ऐकले नव्हते. परकी भाषा असती तर मी निदान “म्हणजे काय?” असे विचारले असते.

आता मॉरिशसकडे वळू. मुंबईहून जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासाठी हा देश जितका आपुलकीचा आहे तितकाच फसवा आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलास’ नावाचे जहाज 36 भारतीय करारबद्ध मजुरांना घेऊन तेथे पोहोचले, आणि त्यानंतरच्या दशकांत सुमारे साडेचार लाखांहून अधिक माणसे पोर्ट लुईच्या बंदरात उतरली. कलकत्ता आणि मद्रासबरोबरच आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांतून कोकणातली माणसे गेली. ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तुमच्या कार्यक्रमात तो असणारच. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. हे सारे पाहून तुमचा गट पहिल्याच दिवशी “अरे, हे तर आपलेच!” असे म्हणेल, आणि नेमक्या त्याच क्षणी ऐकणे थांबेल. कारण त्या झाकरीत नाचणारी, तुमच्याच वयाची मुलगी घरी क्रिओल ही फ्रेंचवर आधारलेली तेथील बोलभाषा बोलते, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचते आणि सरकारी अर्ज इंग्रजीत भरते. कित्येक पिढ्यांपूर्वी तिच्या खापरपणजोबांनी सोडलेले गाव तिने पाहिलेले नाही, आणि आजचा महाराष्ट्र तिला तुमच्या कल्पनेइतका जवळचा असेलच असे नाही. तिला ‘आपली’ म्हणण्याआधी ती स्वतःला काय म्हणवते, हे विचारा.

दुसरी बाजूही बघा. भारतातून गेलेल्यांची कहाणी तेथे जितकी ठळकपणे सांगितली जाते, तितकीच ज्यांची कहाणी ऐकायला हवी ते म्हणजे आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, म्हणजे क्रिओल लोक. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली आणि त्यांच्या जागी मळ्यांवर आपली माणसे राबू लागली, म्हणजे हे दोन इतिहास एकाच उसाच्या शेतात एकमेकांना लागून आहेत. 1968 साली स्वतंत्र झालेल्या या देशाच्या राज्यघटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘जनरल पॉप्युलेशन’ असे चार समाज मानले. क्रिओल त्या चौथ्या, नाव नसलेल्या गटात मोडतात. त्यांच्या घरची क्रिओल भाषा देशातले बहुतेक सगळे बोलतात, पण प्राथमिक शाळेत ती ऐच्छिक विषय म्हणून यायला 2012 साल उजाडले, ही गोष्ट समुपदेशकाच्या खोलीत येऊन बसणाऱ्या मुलाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत कुठेतरी असणारच. भारतीय वंशाच्या यजमानांकडून सगळे ऐकून परतलात तर तुम्ही अर्धाच देश पाहिलेला असेल. भेटी ठरवताना प्राध्यापकांना हे आग्रहाने सांगा.

बारा दिवसांच्या मर्यादेविषयीही थोडे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 साली परक्या देशात गेलेल्या माणसाच्या मनाच्या अवस्था मांडल्या, त्यांतली पहिली हनिमूनची : सगळे नवे, सगळे गोड. चिडचिड, एकटेपणा, “हे लोक असे का वागतात?” हा वैताग त्यानंतर सुरू होतो, आणि खरे शिकणे त्या वैतागात असते. बारा दिवसांचा दौरा बहुतेक वेळा हनिमूनमध्येच संपतो. म्हणून रोज रात्री वहीत ‘आज काय आवडले’ हे लिहू नका. आज कुठे अवघडल्यासारखे वाटले, कुठे मनात नकळत “आपल्याकडे बरे” असे आले, कुणाचा सूर उद्धट वाटला, हे लिहा. जेवणाच्या टेबलावर कुणी तुमची जात किंवा पगार विचारला नाही म्हणून तुम्हाला मोकळे वाटले की तुटक वाटले, हेसुद्धा लिहिण्यासारखे आहे. अहवालाची खरी सामग्री तीच.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली सांगितले होते की दोन समाजांतील माणसांची नुसती भेट पूर्वग्रह कमी करत नाही; दोघांचा दर्जा समान असावा, काम एकत्रितपणे करायचे असावे, उद्दिष्ट एक असावे आणि वरिष्ठांचा पाठिंबा असावा. बसमधून उतरून वस्ती पाहणे आणि पुन्हा बसमध्ये चढणे यात यातले काहीच नाही, उलट त्याने पूर्वग्रह घट्ट होतात. तेथील विद्यापीठातील विद्यार्थ्यांबरोबर जोडी करून एकाच काल्पनिक केसवर काम करण्याची सोय होते का, हे विचारा. एकच केस, म्हणजे समजा, बारावीत नापास झाल्याचे घरी लपवणारा मुलगा, तुम्ही आणि तुमची तेथील जोडीदारीण वेगवेगळी कशी समजून घेता, आईवडिलांना कधी बोलवायचे यावर तुमचे कसे मतभेद होतात, हे दोन तासांत जेवढे शिकवेल तेवढे चार व्याख्याने शिकवणार नाहीत.

एका गोष्टीत मात्र मला तुमच्याकडून शब्द हवा आहे. तेथे कुणाचेही समुपदेशन करू नका, आणि चालू असलेल्या सत्रात बसू देण्याचा हट्ट धरू नका. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या बेटावर माणसे एकमेकांना ओळखतात. पाहुण्यांपुढे सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नातेवाइकांच्या कानी जाण्याची भीती तेथे खरी आहे, आणि यजमान संस्थेचा शब्द मोडवत नाही म्हणून दिलेली संमती ही संमती नसते. संस्थेतील मुलांबरोबर फोटो नकोत. एका दुपारपुरते कुणाचे मन उघडायला लावून विमानाने निघून जाणे हे आपल्या व्यवसायात बसत नाही.

तयारीसाठी रोज अर्धा तास क्रिओल ऐका, दोन महिने पुरेत. बोलता आले नाही तरी चालेल. पण ‘दुःख’, ‘राग’, ‘लाज’ यांना घरात काय म्हणतात हे तेथे कुणालातरी विचारण्याइतका कान तयार व्हावा.

गिरगावातील एका पालकांचे पत्र

आमची मुलगी समुपदेशनाचे शिक्षण घेत आहे. परदेश दौऱ्यासाठी दीड लाखाच्या आसपास खर्च सांगितला आहे. शेवटी प्रमाणपत्र मिळणार आहे. त्याचा नोकरीसाठी उपयोग होईल का? कर्ज काढून पाठवावे का?

उत्तर

आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. केवळ प्रमाणपत्रासाठी कर्ज काढू नये. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती ठरावीक मान्यताप्राप्त शिक्षणानंतरच मिळते. अल्प मुदतीच्या दौऱ्याच्या प्रमाणपत्राने त्या वाटेवर एक पाऊलही पुढे पडत नाही. शाळा, महाविद्यालये आणि संस्था समुपदेशक नेमताना सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली, किती तास काम केले, हे विचारतात. तेवढेच पैसे दोन वर्षांच्या नियमित सुपरव्हिजनसाठी लावलेत तर मुलीचा पाया पक्का होईल, असे माझे मत आहे.

तरीही पैशाची ओढाताण न होता पाठवणे शक्य असेल, तर विभागाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : या दौऱ्याला पदवीच्या श्रेयांकांत स्थान आहे का, जाण्यापूर्वी किती वर्ग होणार आहेत, आणि तेथील प्रत्यक्ष काम करणाऱ्या समुपदेशकांबरोबर एकूण किती तास मिळणार आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका दिवसापेक्षा कमी आले, तर वरच्या पत्रातील मैत्रिणींप्रमाणे कुणी त्याला सहल म्हटले तरी त्यात चूक नाही. सहलीला जाण्यातही गैर काही नाही, फक्त तिची किंमत सहलीच्या हिशेबात धरावी.

गोवंडीहून एका समुपदेशिकेचे पत्र

मी एका संस्थेत आठ वर्षे वस्तीपातळीवर समुपदेशन करते. परदेशी शिकून आलेल्या सहकाऱ्यांपुढे मला आपण कमी पडतो असे वाटते. माझ्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा, तमिळनाडू अशा सगळीकडची माणसे येतात. सध्या एक मैथिली बोलणारी बाई येते. तिला हिंदी जेमतेम येते, म्हणून तिची दहा वर्षांची मुलगी दुभाषाचे काम करते. परदेशी न जाता मला या विषयाचे शिक्षण कसे घेता येईल?

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ज्या अनुभवासाठी लोक बारा दिवस परदेशी जातात, तो तुमच्याकडे आठ वर्षे रोज सकाळी दार वाजवून येतो आहे. उणीव असलीच तर त्या अनुभवावर बसून विचार करण्यासाठी वेळ आणि जोडीदार मिळत नाही, याची आहे.

शिकणे नेहमी श्रीमंत देशाकडून गरीब देशाकडे येते, हा समजही मनातून काढून टाका. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल 1990च्या दशकात झिम्बाब्वेमधील हरारे येथे काम करत होते. तेथील शोना भाषेत मनाच्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. पटेल आणि सहकाऱ्यांनी लोकांच्याच शब्दांवर आधारलेली प्रश्नावली शोना भाषेत तयार केली. पुढे पटेल यांनी 1996 साली गोव्यात ‘संगथ’ ही संस्था सहकाऱ्यांसह स्थापन केली, आणि साध्या, स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशन करता येते हे तेथील कामातून दाखवून दिले. तिकडे हरारेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर वस्तीतल्या आज्यांना बसवले. प्रशिक्षण घेतलेल्या या आज्या येणाऱ्याचे ऐकून घेत, ‘कुफुंगिसिसा’ हाच शब्द वापरत. त्या कामाची शास्त्रीय चाचणी 2016 साली प्रसिद्ध झाली आणि त्याचा गुण दिसून आला. आपल्याकडे “डोक्यात विचार थांबत नाहीत”, “टेन्शन आलंय”, “जीव घाबरा होतो” असे म्हणणाऱ्या माणसाला आपण लगेच ‘डिप्रेशन’ किंवा ‘अँग्झायटी’चे लेबल लावतो, तेव्हा हरारेची ती आजी आठवावी.

तुमच्या हाती लगेच येण्याजोगे साधन म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी 1978 साली मांडलेले प्रश्न. मी ते माझ्या मराठीत असे विचारते : या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते? तेव्हाच का सुरू झाला? तो तुमचे काय करतो? किती दिवस राहील असे वाटते? कोणता उपाय व्हावा असे वाटते? त्याने सर्वांत जास्त अडले ते काय? आणि सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? त्या रत्नागिरीच्या बाईंना, ज्यांच्याविषयी मी वर लिहिले, मी यातला दुसरा प्रश्न जरी विचारला असता तरी ती पुडी टेबलावर उघडली गेली असती. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात याच धर्तीची 16 प्रश्नांची मुलाखत दिलेली आहे, तीही मिळवून वाचा.

कुणाची समजूत विचारणे म्हणजे तिला मान डोलावणे नव्हे, हे येथे सांगायला हवे, कारण वस्तीत काम करणाऱ्यांना ही अडचण रोज येते. बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, उपाशी ठेवणे किंवा पैशाची लूट चालली असेल तर महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तेथे आपण गप्प बसायचे नाही. पण अंगाऱ्याची पुडी बाळगणाऱ्या बाईला त्या पुडीबद्दल विचारल्याशिवाय तिची भीती आपल्याला कळणार नाही, आणि भीती कळल्याशिवाय तिला दवाखान्यात जायला कसे सांगणार?

जमल्यास एखाद्या बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना प्रार्थनेच्या वेळी मागच्या बाजूला तासभर उभ्या राहा, आणि नंतर जवळच्या मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यात जा. दोन्हीकडे सर्व धर्मांचे लोक दिसतील. बांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात, पाय, घरे वाहतात. दुखणारा अवयव किंवा न मिळणारी खोली हातात धरून रांगेत उभी राहिलेली ती माणसे नंतर तुमच्याच खुर्चीसमोर येतात. तेथे कुणाला काही विचारू नका, नुसते पाहा. या शहरातला माणूस दुःख घेऊन आधी कुठे जातो हे ज्याला दिसते, त्याला आपला नंबर कितवा आहे हेही कळते.

आता त्या मैथिली बोलणाऱ्या बाईविषयी. दहा वर्षांच्या मुलीकडून दुभाषाचे काम यापुढे घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आई नवऱ्याविषयी, पाळीविषयी, मरावेसे वाटण्याविषयी मुलीच्या तोंडून सांगणार नाही. आणि सांगितलेच तर ते ओझे त्या मुलीच्या डोक्यावर राहील. संस्थेत, शेजारच्या आरोग्य केंद्रात किंवा आशा सेविकांमध्ये मैथिली बोलणारी एखादी प्रौढ बाई शोधा, पण ती त्याच गल्लीतली नसावी. सत्राआधी तिला दहा मिनिटे घेऊन बसा : जसे बोलले तसेच सांगायचे, आपल्याकडून गाळायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, बाहेर बोलायचे नाही. बसताना तिला थोडे मागे, बाजूला बसवा, आणि तुम्ही त्या बाईकडे बघून, “तुम्हाला” असे थेट तिलाच उद्देशून बोला. “तिला विचार” असे म्हणू नका. पहिल्या सत्राला दुप्पट वेळ लागेल, तो धरून ठेवा. आणि मुलीची शाळा ज्या वेळेत असते, तीच वेळ आईला द्या.